चोविसाव्या पानावरचा हात

पीटरबरो, साउथ ऑस्ट्रेलिया
मंगळवार, १२ जून १९७९

प्रिय कोरली,

काल संध्याकाळच्या गाडीने घरी पोचलो. आज सकाळी मागचा नळ गोठला होता. किटलीतलं पाणी ओतून तो मोकळा केला. नऊ वाजता पोस्टात गेलो. तिथे क्लेमचं पार्सल येऊन पडलं होतं.

पत्ता त्याच्या हातचा नव्हता. शिक्का ४ तारखेचा, म्हणजे तो गेला त्याच्या आदल्या दिवशीचा. आत ‘कुंपणराखा’ या आमच्या कॉमिकच्या तीनशेव्या, शेवटच्या अंकाची चोवीस पानं आहेत. सगळी पेन्सिलीत पूर्ण. त्याने अंक संपवला होता हे मला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दफनाच्या वेळी त्याबद्दल कोणी बोललं नाही.

क्लेम तुम्हाला कामाच्या खोलीत येऊ देत नसे असं तुम्ही परवा म्हणालात, म्हणून आमची पद्धत सांगतो. तो साध्या करड्या पेन्सिलीने चित्र काढी. मी त्यावर शाई चढवी आणि मग करडं सगळं पुसून टाकी. समासात मला काही सांगायचं असलं, की तो फिकट निळ्या पेन्सिलीने लिही. छापखान्याच्या कॅमेऱ्याला ते निळं दिसत नाही, त्यामुळे ते पुसावं लागत नाही. सावली इथे दाट कर, घोड्याचा कान मोठा झालाय, असल्या सूचना. कधी त्याच्या खाली एखादी ओळ: थंडी फार आहे, कोरलीने वाटाण्याचं सूप केलंय. पंचवीस वर्षांत आम्हा भावांचं जे बोलणं झालं ते बहुतेक तिथेच.

आज दुपारी हाताला काम हवं होतं. सवयीप्रमाणे चोवीसही पानं मऊ खोडरबराने हलकी करून घेतली आणि समासातली खरड साफ केली. म्हणजे शाई नीट बसते. शेवटच्या चौकटीत कुंपणाचं फाटक आतून कोणीतरी उघडतंय. फक्त हात दिसतो. तो हात क्लेमच्या नेहमीच्या हातासारखा उतरलेला नाही, बोटं वेडीवाकडी आहेत. औषधांनी कापरं भरलं असेल. मी तो नीट करून घेईन. सिडनीच्या कंपनीला सगळं ३१ जुलैपर्यंत हवंय, नाहीतर ते दुसऱ्या कोणाकडून शेवट काढून घेतील.

दफनाला आलेल्या त्या चाहत्यांबद्दल तुमची माफी मागायला हवी, जरी ते माझे कोणी नव्हते. कुंपणराख्यासारखी टोपीवरून तोंडावर माश्या अडवायची जाळी सोडून त्यांचं कबरीपाशी उभं राहणं मला सहन झालं नाही. टीव्हीवर मालिका आली नव्हती तोवर हे कॉमिक लोकर कातरणाऱ्यांच्या झोपड्यांत आणि न्हाव्याच्या बाकावर पडलेलं असे. तेव्हा मला ते कोणाला सांगायची लाज वाटे. आता आवडतं म्हणायची लाज वाटते.

मला फोनवर ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा पत्रच लिहा.

तुमचा,
ॲल्विन

०

बर्नी, टास्मानिया
बुधवार, २० जून

प्रिय ॲल्विन,

पत्र मिळालं. मला लिहायला वेळ लागतो. आमच्या लग्नाच्या वर्षी क्लेमने गाडीचं दार लावलं ते माझ्या उजव्या करंगळीवर. ती तेव्हापासून बाहेर वळलेली आहे आणि थंडीत दुखते. तो दरवेळी माझं दार उघडताना आधी माझा हात कुठे आहे ते बघायचा. परवा मी शेजारणीच्या गाडीत बसताना हात वर धरून उभी राहिले. ती म्हणाली, “अगं बस की, कोणाची वाट बघतेस?”

इथे रोज कोणीतरी फाटकाशी येतं. एकाने विचारलं, क्लेमच्या चपला मिळतील का. एका बाईने मला सांगितलं की दुसऱ्या अंकातली घोडी मुळात घोडा होती, आणि हे मान्य करायची आता वेळ आली आहे. मी म्हटलं, करते मान्य, पण गुलाबावरून पाय काढा. सगळ्यांत चिवट तो डेन्झिल ऑर. अल्व्हरस्टनच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि फावल्या वेळात या चाहत्यांचं माहितीपत्रक काढतो. दफनाच्या वेळी पाद्र्यांनी पहिला अंक पंचावन्न साली आला असं म्हटलं, तर “चौपन्न” असं मागून म्हणाला तो हाच. इस्पितळात तो रोज यायचा. पार्सल पोस्टात टाकायलाही त्यालाच दिलं, कारण मला क्लेमपासून हलता येत नव्हतं. आता तीनदा फाटकाशी येऊन गेला. “मिसेस पॅस्को, शेवटच्या पानाबद्दल बोलायचंय.” मी त्यालाही सांगितलं, गुलाबावरून बाजूला हो, आणि या घरात आता कॉमिकबद्दल एक शब्द नको. तोंडावर फाटक लावलं.

आता मुख्य गोष्ट. शेवटचे दोन दिवस क्लेमच्या तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं, हात उचलायलाही कष्ट पडत. पार्सल गेल्यावर त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, मग हवेत लिहिल्यासारखं केलं, मग दोन बोटं आणि त्यानंतर चार. मला कळेना. त्याने पुन्हा केलं. मी म्हटलं, चोवीस? चोविसाव्या पानावर? त्याने डोळे मिटले. मी विचारलं, माझ्यासाठी लिहिलंयस? तर माझा हात दाबला.

ॲल्विन, त्याने काय लिहिलंय ते मला शब्दन्‌शब्द उतरवून पाठवा. माझी आणखी काही अपेक्षा नाही.

त्याच्या घरच्या कोटात निळ्या पेन्सिलीचा तुकडा सापडला. इस्पितळात न्यायचा राहून गेला असणार. तुमच्याकडे असावा म्हणून सोबत पाठवते.

कोरली

०

पीटरबरो
गुरुवार, २८ जून

प्रिय कोरली,

पत्र काल मिळालं. पेन्सिलही मिळाली. आभारी आहे.

नऊ पानं शाईत झाली. चोविसावंही झालं. ते मी सगळ्यांत आधी केलं, कारण ते समोर असताना बाकीच्यांत लक्ष लागेना. इथे वारा कोरडा आहे, शाई लवकर सुकते. कंपनीने चाहत्यांच्या पत्रांची एक पिशवी पाठवली आहे. मी पाच उघडली. तिघांचं म्हणणं, कुंपणराख्याने शेवटी जाळी वर करून चेहरा दाखवलाच पाहिजे. चौथ्याने चेहरा कसा असावा ते स्वतः काढून पाठवलंय, म्हणजे स्वतःचंच चित्र. पाचवा म्हणतो, गेल्या वर्षीपासून शाईच्या रेघा जाड येतात, ॲल्विन पॅस्कोची नजर तपासून घ्या. पिशवी बांधून कोळशाच्या कोठीत ठेवली.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. चोविसाव्या पानाचे चारही समास मी खिडकीपाशी नेऊन पाहिले. निळ्यात काही लिहिलेलं नाही. मागची बाजू कोरी आहे.

आणखी बघतो. पण तुम्ही फार आशा धरू नये असं मला वाटतं. औषधांमुळे त्याला लिहिल्याचा भास झाला असेल.

ॲल्विन

०

बर्नी
गुरुवार, ५ जुलै

प्रिय ॲल्विन,

म्हणजे त्याने मला काही लिहिलं नाही.

मी हे वाक्य सकाळपासून घरात घेऊन फिरते आहे. तो डोळे मिटायचा ते दमून, आणि हात दाबला तो दुखलं म्हणून. असेलही. मी तिथे होते, तुम्ही नव्हतात, पण पान तुमच्यासमोर आहे.

आणि आता दुसरं ऐका. मंगळवारी तो डेन्झिल पुन्हा आला. या वेळी फाटकाशी थांबला नाही, मागच्या दाराने आला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, कबूल करायचंय. पार्सल पोस्टात टाकण्याआधी तो ते नगर ग्रंथालयात घेऊन गेला आणि चोवीसच्या चोवीस पानांच्या त्याने यंत्रावर नकला काढल्या. पानं मोठी, म्हणून प्रत्येकाच्या दोन अर्ध्या, आणि घरी जाऊन चिकटपट्टीने जोडल्या. माझा नवरा इस्पितळात शेवटचे श्वास घेत होता आणि हा तिकडे यंत्रात नाणी टाकत होता.

त्याने ती पानं पाकिटातून बाहेर काढायला घेतली. “एकदा बघाच तुम्ही, मिसेस पॅस्को, शेवटचं तरी.” मी म्हटलं, हात लावलास तर पोलिसांना बोलावीन. त्याने किती जणांना दाखवली देव जाणे. म्हणतो, कोणालाही नाही. माहितीपत्रक काढणारा माणूस, आणि कोणालाही नाही.

मी त्याला बजावलंय: शनिवारी, १४ तारखेला, दुपारी दोनला सगळं घेऊन ये. माझ्या चुलीत, माझ्यासमोर जाळायचं. तयार झाला. रडत होता. मला काही वाटलं नाही.

कोरली

०

तार
पीटरबरो, १२ जुलै, सकाळी ११.२०

जाळू देऊ नका. डेन्झिलच्या प्रतीतलं शेवटचं पान वाचा. चूक माझी. पत्र येत आहे. ॲल्विन

०

पीटरबरो
गुरुवार, १२ जुलै

प्रिय कोरली,

आत्ता तार करून आलो. तार बाबूने मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. मला ऐकू आला नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. ती शनिवारच्या आधी तुम्हाला मिळेल असं तो म्हणाला. हे पत्र मिळणार नाही.

२८ जूनच्या पत्रात मी लिहिलं की निळ्यात काही लिहिलेलं नाही. ते खरं आहे. पण ते लिहीत होतो तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. पेन्सिलीचा तुकडा तुमच्या पाकिटातून टेबलावर पडला तेव्हाच कळलं. निळी पेन्सिल घरी राहिली, म्हणजे त्याने करड्या पेन्सिलीने लिहिलं असणार. आणि करडं मी पुसतो.

पहिल्याच दिवशी चोविसाव्या पानाच्या खालच्या समासात मला बारीक करड्या ओळी दिसल्या होत्या. पेन्सिलीचं टोक घासून पाहिलं असेल असं समजून मी ती खरड साफ केली. पंचवीस वर्षं मी समासातलं फक्त निळं वाचत आलो आहे. करडं कधी वाचलं नाही. ते वाचायचं नसतंच, अशी माझी समजूत.

गेले पंधरा दिवस मी ते पान उन्हात तिरकं धरून बघतो आहे. कागदावर पेन्सिलीचा दाब राहतो. दोन शब्द लागले. एक ‘कोरली’. दुसरा ‘हात’. बाकी नाही. मी जितकं पुसतो तितकं नीट पुसतो.

मी तुम्हाला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. सकाळी लिहायला बसायचो आणि मग एखाद्या पानावर शाई चढवायला घ्यायचो. तुम्हाला भास झाला असेल असं मी सुचवलं, ते सगळ्यांत वाईट. तुम्हाला काही मिळणारच नाही, तर होतं आणि मी घालवलं यापेक्षा नव्हतंच हे तुम्हाला सोपं जाईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सोपं मलाच जात होतं.

तुमचं पत्र आज आलं. नकला काढायच्या यंत्राचंही छापखान्याच्या कॅमेऱ्यासारखंच असतं. निळं त्याला दिसत नाही, करडं दिसतं. त्या माणसाच्या प्रतीत आमच्या निळ्या ओळी एकही नसतील, आणि क्लेमने तुम्हाला लिहिलेलं असेल. जगात आता ते फक्त तिथे आहे.

ज्याला मी पंधरा दिवसांपूर्वी कोळशाच्या कोठीत टाकलं असतं, त्याच्याकडे. ही गोष्ट मला अजून नीट गिळता आलेली नाही.

ॲल्विन

०

बर्नी
शनिवार, १४ जुलै, संध्याकाळ

ॲल्विन,

तुझी तार काल पोचली होती. मी घरी नव्हते. पोस्टातली पोरगी दाराखालून सरकवून गेली आणि ती पायपुसण्याखाली गेली. आज दुपारी डेन्झिल आला, त्याने पाय पुसले आणि ती त्याच्या बुटाला चिकटून आत आली. तोवर मी चूल पेटवलेली होती.

तार मी वाचली आणि त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. मग म्हणाला, “हेच सांगायला मी पहिल्यांदा आलो होतो. तुम्ही गुलाबाबद्दल काहीतरी म्हणालात.”

मी म्हटलं, मग ओरडून का सांगितलं नाहीस?

“तुमचं खाजगी होतं. फाटकातून ओरडायचं म्हणजे रस्त्यावर चार जण जाळ्या लावून उभे होते.”

मी चुलीचं दार लावलं. त्याने न विचारता चहा ठेवला, आणि दूध कुठे आहे हे त्याला माहीत होतं. इस्पितळातून क्लेमचे कपडे न्यायला तो किती वेळा या घरात आला होता ते मी विसरले होते. पानं त्याने टेबलावर मांडली. मग त्याला राहवेना. “तसं हे चोविसावं नाही, मुखपृष्ठ धरलं तर पंचविसावं.” मी कप खाली ठेवला. म्हणाला, “सॉरी. चोविसावं.”

खाली जे आहे ते जसंच्या तसं उतरवते. तुझ्याकडून हेच मागितलं होतं.

“निळी घरी राहिली म्हणून करड्यात लिहितोय. ॲल्विन, सवयीने पुसू नकोस, आधी कोरलीला दाखव. कोरली, फाटक उघडणारा हात तुझा आहे. करंगळी आहे तशीच ठेवायला त्याला सांग, तो सरळ करेल. हा गडी पंचवीस वर्षं कुंपणाबाहेरून फिरतोय. त्याला आत कोण घेणार हे मला पहिल्या अंकापासून माहीत होतं, फक्त हात काढायचा धीर नव्हता. गाडीच्या दारात तो हात माझ्याकडूनच सापडला ना.”

पुढे सही नाही. ओळ खाली घसरत गेली आहे.

तू २८ तारखेला लिहिलंस, निळ्यात काही नाही. त्यात एक शब्द खोटा नव्हता. खोटं बोलला असतास तर मी तुला आज माफ केलं असतं. मला नऊ दिवस वाटत होतं की त्याने माझा हात दुखून दाबला. ते नऊ दिवस मी तुला परत करू शकत नाही आणि विसरू शकत नाही. पण तार केलीस. त्यात ‘चूक माझी’ म्हणालास. तू स्वतः पोस्टात जाऊन, ऐकू येत नसताना, परक्या माणसाकडून ते लिहवून घेतलंस, हे मला दिसतं.

डेन्झिलला मी विचारलं, महिनाभर तुला सगळ्यांच्या आधी शेवट माहीत होता, मग छापला का नाहीस? म्हणाला, त्याला तो वाचायचा होता, पण सगळ्यांबरोबर. आपण जरा जास्तच चांगलं बोलून गेलो असं त्याला वाटलं असावं, कारण मग त्याने सत्तावीस मिनिटं मला सांगितलं की चेहरा न दाखवणं हेच कसं बरोबर आहे आणि बाकीचे सगळे कसे गाढव आहेत. मी घड्याळ बघत होते. माणूस असह्य आहे. मंगळवारी तो माझं गवत कापायला येणार आहे.

शेवटच्या पानाचा खालचा अर्धा भाग सोबत आहे. बाकी काहीही जाळलं नाही.

आता मला एकच सांग. तू बोट सरळ केलंस का?

कोरली

०

पीटरबरो
शनिवार, २१ जुलै १९७९

प्रिय कोरली,

सकाळी ढग होते. नऊला पोस्टात गेलो, तुझं पत्र घेतलं, दाराबाहेर बाकावर बसून वाचलं. परत येताना पाव आणि दोन मटण चॉप आणले. चॉप अजून कागदातच आहेत.

हो. सरळ केलं होतं. २६ जूनला, तुझं पहिलं पत्र यायच्या आदल्या दिवशी. चांगलं, मजबूत, पुरुषाचं बोट. मला ते जमल्याचा अभिमानही वाटला होता.

आज दहा वाजता पान फळीवर लावलं. डेन्झिलची प्रत शेजारी टाचली. तीत तुझा हात आहे तसा आहे. पेन्सिल कुठेही थरथरलेली नाही. क्लेमचा हात कापरा झाला असेल असं मी म्हटलं होतं, ते चूक. त्याने प्रत्येक रेघ जिथे हवी तिथे काढली आहे. करंगळी मुळापाशी बाहेर वळते आणि फाटकाच्या कडीला टेकत नाही. इतर चार बोटं कडी धरतात आणि ती बाजूला उभी राहते. मी पंचवीस वर्षं त्याच्या रेघांवर शाई चढवली आणि या एका ठिकाणी माझा विश्वास बसला नाही.

मी काढलेल्या बोटावर पांढरा रंग दिला. तो सुकल्यावर दुसरा हात दिला. साडेअकराला बारीक कुंचल्याने करंगळी काढली. पहिल्यांदा जास्त वळली, पुन्हा पांढरा दिला. दुसऱ्यांदा जमली. जवळून बघितलं तर तिथे कागद थोडा उंच लागतो. छापताना कळणार नाही. मूळ पान हातात घेणाऱ्याला कळेल. छापून झालं की कंपनीने ते तुझ्याकडे पाठवावं असं मी त्यांना लिहिलंय.

आमच्या पद्धतीप्रमाणे पुढचं काम करडं पुसायचं. या पानावर पुसायला काही उरलेलं नाही. म्हणून त्या जागी, खालच्या समासात, तू पाठवलेल्या तुकड्याने क्लेमच्या ओळी उतरवून काढल्या, त्याच घसरत्या उतारावर. अक्षर माझं आहे, नकाशावर गावांची नावं लिहितात तसं. कॅमेऱ्याला ते दिसणार नाही. अंक लाखभर लोक वाचतील, भांडतील, चेहरा का नाही म्हणून पत्रं लिहितील. त्यांतल्या कोणाला हा हात कोणाचा ते कळणार नाही. कळेल ते फक्त तुला, मला आणि त्या ऑरला. त्याला सांग, चौपन्नच बरोबर आहे. पाद्री चुकले होते.

त्या नऊ दिवसांबद्दल मी काही लिहू शकत नाही. ते माझ्याकडेच राहू देत.

पान सुकायला ठेवलंय. तुकडा लिहिता लिहिता बोथट झाला. तो आता चाकूने तासतो आहे. कचरा हातावर गोळा करून चुलीत टाकेन, आणि मग चॉप तव्यावर घालेन.

ॲल्विन